गर्भोदकाल्पता : मापाची वाढ आणि कारणाचा शोध

गर्भिणी परिचर्या हा आयुर्वेदाच्या अभिमानाचा विषय आहे. मासानुमासिक पथ्याचा इतका सूक्ष्म विचार करणारी परंपरा दुसरी क्वचितच असेल. या अभिमानामुळेच गर्भिणीच्या कोणत्याही तक्रारीवर आपल्यापाशी योग आहे, असा एक आत्मविश्वास आपल्यात सहज निर्माण होतो. तो सर्वत्र योग्य असतोच असे नाही. प्रस्तुत लेखात गर्भोदकाल्पता या एका विषयापुरता त्याचा परामर्श घ्यावयाचा आहे.

“डॉक्टर, सोनोग्राफीत पाणी कमी सांगितलंय. सिझर करावं लागंल म्हणतात. तुमच्याकडं पाणी वाढायचं औषध असतं ना?” सातव्या-आठव्या महिन्यातील सुनेला घेऊन आलेल्या सासूबाईंचा हा प्रश्न ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक वैद्याने ऐकलेला असेल. अशा वेळी आपला हात शतावरीच्या डब्याकडे जातो. आठ दिवसांनी माप दोन सेंमी.नी वाढते, सासूबाई समाधानी होतात, आणि आपणही. माझाही अनुभव प्रारंभी असाच होता. तो मी पुढे सांगणारच आहे.

शास्त्राधार

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणे मान्य करावयास हवी. ‘गर्भोदकाल्पता’ या नावाचा स्वतंत्र व्याधी बृहत्त्रयीत वर्णिलेला नाही. चरकाचार्यांनी गर्भोदक हा शब्द योजला आहे, पण तो प्रसवकाळी आवी सुरू होताना होणाऱ्या गर्भोदकाच्या स्रावाच्या संदर्भात. उदक कमी पडणे हे उदर न फाडता कळण्याचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे आचार्यांनी जे पाहिले ते त्याचे परिणाम होत : गर्भिणीची कुक्षी न भरणे, गर्भाचे स्पंदन मंद होणे, गर्भ शुष्क होणे.

या दृष्टीने शारीरस्थानातील दोन वर्णने महत्त्वाची ठरतात. उष्ण-तीक्ष्ण आहाराने योनीतून स्राव होऊन ज्याची वृद्धी थांबते तो उपविष्टक. आणि उपवास, कदन्न, स्नेहद्वेष, वातप्रकोपक आहारविहार यांमुळे जो शुष्क होत जातो तो नागोदर. एकात बाहेर गळते आहे, दुसऱ्यात आत येतच नाही. आजच्या भाषेत गर्भजलाची गळती आणि अपरेकडून होणारा अपुरा पुरवठा हा भेद आचार्यांनी हेतूंच्या पातळीवर केलेला होता, असे माझे मत आहे. हे समीकरण तंतोतंत जुळते असा दावा मी करीत नाही. पण हेतुभेद करा, मग चिकित्सा करा, ही शिकवण त्यात निश्चित आहे, आणि पाणी वाढविण्याचा एकच ठरावीक योग सर्वांना देताना आपण नेमकी तीच विसरतो.

गर्भोदक येते कोठून

पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत गर्भोदक मुख्यतः मातेच्या रक्तरसातून आवरणांद्वारे झिरपलेले असते. सोळाव्या आठवड्यानंतर चित्र पालटते. गर्भाचे मूत्र हाच गर्भोदकाचा प्रमुख स्रोत होतो. त्याच्या जोडीला फुप्फुसांतून येणारा स्राव असतो. गर्भ ते गिळतो, पुन्हा मूत्ररूपाने सोडतो. पूर्ण दिवस भरत आलेला गर्भ दररोज अर्ध्या लिटरहून अधिक मूत्र विसर्जित करतो. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भोदक सुमारे ८०० मिलि. असते, चाळिसाव्या आठवड्यापर्यंत ते ६०० मिलि.पर्यंत उतरते आणि दिवस उलटल्यावर आणखी घटते.

यातून निघणारा निष्कर्ष साधा पण मूलगामी आहे. उत्तरार्धात गर्भोदक कमी असणे म्हणजे एक तर गर्भाला मूत्र कमी होत आहे किंवा झालेले पाणी बाहेर जात आहे. मूत्र कमी का होते? वृक्क नाहीत, मूत्रमार्ग अडलेला आहे, वृक्कांकडे रक्त कमी जाते आहे, किंवा एखाद्या औषधाने वृक्कांचे कार्य मंदावले आहे. अपरेकडून प्राणवायू आणि पोषण अपुरे येऊ लागले की गर्भाचे शरीर रक्त मेंदूकडे व हृदयाकडे वळविते आणि वृक्कांचा वाटा घटविते. म्हणजे तेथे कमी झालेले पाणी ही गर्भाच्या संकटाची खूण असते. ती खूण पुसण्याचा प्रयत्न करणे आणि संकट दूर करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मापाविषयी थोडेसे

सोनोग्राफीच्या अहवालातील एएफआय हे माप १९८७ मध्ये फेलन व सहकाऱ्यांनी रूढ केले. गर्भाशयाचे चार भाग कल्पून प्रत्येकातील पाण्याच्या सर्वांत खोल उभ्या कप्प्याचे माप सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांची बेरीज करतात. ही बेरीज ५ वा त्याहून कमी असेल तर अल्पता, ५ ते ८ सीमारेषेवरची, असे सामान्यतः मानले जाते. दुसरी पद्धत एकाच सर्वांत खोल कप्प्याची. तो २ सेंमी.हून कमी असेल तर अल्पता.

या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या कॉक्रेन समीक्षणाने २००८ मध्ये असे दाखविले की, एएफआय वापरल्यास अल्पतेचे निदान अधिक स्त्रियांत होते, कळा आणण्याचे प्रसंग वाढतात, पण बालकाच्या दृष्टीने लाभ दिसत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनेही तेच सांगितले. म्हणजे ‘पाणी कमी’ असा शेरा मिळालेल्या काही स्त्रियांना मुळात काहीच झालेले नसते. शिवाय गर्भाची स्थिती, तपासणाऱ्याचा हात, नाळेचा वेढा कप्प्यात धरला की वगळला, यांवर एक-दोन सेंमी.चा फरक सहज पडतो. अहवालातील आकड्याकडे आपण नाडीइतक्या श्रद्धेने पाहतो, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

आता माझा अनुभव. व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत चौतीस आठवड्यांची एक प्रथमगर्भिणी माझ्याकडे आली. एएफआय ५.८. मी शतावरी क्षीरपाक दिला, विश्रांती सांगितली, उन्हाळ्याचे दिवस असल्याने भरपूर पाणी पिण्यास सांगितले. सहाव्या दिवशी एएफआय ८.०. मी हा रुग्णवृत्तांत आमच्या तालुक्याच्या मासिक बैठकीत मोठ्या उत्साहाने वाचला. वाचन संपल्यावर एका ज्येष्ठ वैद्यांनी इतकेच विचारले, “पाणी किती प्यायला सांगितले होते?” मी म्हणालो, दोन-अडीच लिटर. ते म्हणाले, “मग शतावरीला श्रेय कसे देता?” त्या दिवशी मला तो प्रश्न खोडसाळ वाटला.

तो तसा नव्हता. मातेने दोन लिटर पाणी प्याल्यानंतर एएफआय वाढते हे १९९१ पासून ज्ञात आहे. २००२ च्या कॉक्रेन समीक्षणात पाणी कमी असलेल्या स्त्रियांत केवळ जलपानाने झालेली ही वाढ सरासरी सुमारे २ सेंमी. इतकी भरली. माझ्या रुग्णेत झालेली वाढ २.२ सेंमी. होती. आपल्या संमेलनांत सादर होणाऱ्या अनेक रुग्णमालिकांत वाढ याच घरातली असते आणि क्षीरपाकासोबत द्रवाहार, विश्रांती, डाव्या कुशीवर निजणे हे सारे चाललेले असते. तुलनेसाठी केवळ पाणी व विश्रांती दिलेला गट नसतो. अशा वृत्तांतांतून शतावरी निरुपयोगी ठरत नाही. परंतु उपयोगी आहे हेही सिद्ध होत नाही.

हेतुनिश्चिती

रुग्णा समोर बसल्यावर पहिला प्रश्न गळतीचा असावा. येथे मला माझ्या हातून घडलेली चूक सांगणे भाग आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी एकतीस आठवड्यांची एक गर्भिणी एएफआय ७ असा अहवाल घेऊन आली. ‘अंगावर पांढरे जाते, कपडा ओला होतो’ अशी तक्रार तिने स्वतःहून सांगितली होती. मी श्वेतप्रदर असे निदान करून लोध्रयुक्त काढा आणि पंचवल्कल क्वाथाने योनिधावन सांगितले, सोबत पाणी वाढण्यासाठी क्षीरपाक. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, स्रावाला दुर्गंध येऊ लागला. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांनी पाहताक्षणी गर्भजलाची गळती व जंतुसंसर्ग असे निदान केले. त्याच रात्री प्रसूती झाली. दीड किलोचे बालक चोवीस दिवस काचेच्या पेटीत होते. ते वाचले, पण माझ्या चिकित्सेमुळे नव्हे. फुटलेल्या आवरणांच्या खाली मी क्वाथाचे धावन करविले होते. आत जाण्याचा मार्ग मीच मोकळा केला.

तेव्हापासून माझा नियम असा : पाणी कमी म्हणून आलेल्या प्रत्येक गर्भिणीस स्वच्छ कोरडा पांढरा कपडा ठेवून तासभर बसविणे किंवा चालविणे, मग खोकावयास सांगून पाहणे. प्रदराचा स्राव दाट, चिकट असतो. मूत्राला वास असतो. गर्भोदक पाण्यासारखे पातळ, अधूनमधून आपोआप येणारे असते व थांबवू म्हटल्याने थांबत नाही. लिटमससारखा नायट्राझिन कागद काहींकडे असतो. योनीचा स्राव आम्ल आणि गर्भोदक किंचित क्षारीय असल्याने कागद निळा होतो. रक्त वा जंतुसंसर्ग असल्यासही तो निळा होऊ शकतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. किंचित जरी संशय असेल तर अंगुलिपरीक्षा, पिचू, धावन, बस्ति यांपैकी काहीही न करता त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवावे. ताप, दुर्गंध, हिरवट पाणी असल्यास क्षणाचाही विलंब नको.

दुसरा विचार गर्भाच्या वृक्कांचा. अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोन्ही वृक्क व मूत्राशय दिसले होते का, हे अहवालात वाचावे. विसाव्या आठवड्याच्या आसपासच पाणी अत्यल्प असेल तर कारण बहुधा येथे असते, आणि फुप्फुसांची वाढ खुंटण्याचा धोका मोठा असतो. एडिथ पॉटर यांनी १९४६ मध्ये वृक्करहित बालकांचे जे वर्णन केले ते याच अवस्थेचे. ज्या गर्भाला वृक्कच नाहीत त्याचे पाणी जगातील कोणत्याही योगाने वाढणार नाही. अशा कुटुंबास ‘महिनाभर औषध घेऊन पाहू’ असे सांगणे म्हणजे त्यांचा निर्णयाचा काळ हिरावून घेणे होय.

तिसरा, अपरेचा. रक्तदाब प्रत्येक भेटीत स्वतः मोजावा. पायांवरील व चेहऱ्यावरील सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, मूत्रातील प्रथिने, गर्भाशयाची उंची आणि गर्भाचे वजन दिवसांच्या मानाने कमी असणे, यांपैकी काही असेल तर डॉपलर तपासणीवाचून पुढे जाऊ नये. नागोदराचे चित्र येथे दिसते. परंतु या गर्भिणीला बृंहण देत घरी ठेवणे धोक्याचे आहे. जुळ्या गर्भांपैकी एकाच पिशवीत पाणी कमी असेल तर तीही तातडीचीच अवस्था समजावी. दिवस उलटून गेले असतील तर प्रश्न औषधाचा नसून प्रसूतीच्या वेळेचा असतो.

चौथे कारण औषधांचे. त्याविषयी शेवटी लिहितो.

हे सर्व वगळल्यावर उरते ती स्त्री जिचे पाणी सीमारेषेवर आहे, गर्भाची वाढ योग्य आहे, डॉपलर निर्दोष आहे, गळती नाही. सोलापूर-मराठवाड्याकडील उन्हाळ्यात अशा स्त्रिया पुष्कळ आढळतात. शेतावर राबणारी, ऊसतोडीच्या फडावर असणारी स्त्री लघवीला आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. तिच्या बाबतीत हेतू स्पष्ट आहे, तो म्हणजे उदकवह स्रोतसाचा रोध आणि वातप्रकोप. आपल्या चिकित्सेचे खरे क्षेत्र हेच आहे.

चिकित्सा

निदानपरिवर्जन प्रथम. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर पाणी, विभागून. भाताची पेज, ताजे गोड ताक, शहाळे, लिंबू सरबत. दुपारच्या उन्हातील श्रम बंद. डाव्या कुशीवर विश्रांती. रक्तदाब असेल तर मिठाचे व हृद्रोग वा वृक्कविकार असेल तर पाण्याचेही प्रमाण तज्ज्ञांना विचारून ठरवावे. एकादशी, संकष्टी, नवरात्र यांचे कडक उपवास या काळात नकोत, हे वैद्याने सांगितले तर घरचे ऐकतात.

क्षीरपाक करावयाचा तो विधिपूर्वक : शतावरी चूर्ण १० ग्रॅम, दूध ८० मिलि., पाणी ३२० मिलि., मंदाग्नीवर दूध शेष राहीपर्यंत आटवून गाळून घ्यावे. सकाळी एकदा, अग्नी चांगला असल्यास सायंकाळीही. अग्निमांद्य असता दुधाने आम वाढतो, हे विसरू नये. बाजारातील शतावरी कल्पात साखरेचा अंश मोठा असतो. गर्भावस्थेतील मधुमेहाची तपासणी झाल्यावाचून तो देऊ नये. शतावरी सत्त्वाच्या कॅप्सूल मी देत नाही. परंपरेचा आधार क्षीरपाकाला आहे, सत्त्वाला नाही. सुश्रुताचार्यांनी सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत वा यवागू सांगितली आहे. अल्प मात्रेत ती मी योजतो व ती सुखावह वाटते, यापलीकडे तिच्याविषयी मी काही म्हणणार नाही.

ज्येष्ठमधाबाबत माझे मत बदलले आहे. पूर्वी ते मी मधुरगणातील म्हणून सर्रास देत असे. ज्येष्ठमध रक्तदाब वाढवू शकते, आणि फिनलंडमधील अभ्यासांत गर्भावस्थेत ते मोठ्या प्रमाणावर खाणाऱ्या स्त्रियांत प्रसूती लवकर होण्याचे प्रमाण अधिक आढळले. पाणी कमी असणाऱ्या अनेक गर्भिणींचा रक्तदाब आधीच काठावर असतो. म्हणून दीर्घकाळ देऊ नये.

बस्तीविषयी मतभेद होतील याची मला जाणीव आहे. सुश्रुतांनी आठव्या महिन्यात आस्थापन व अनुवासन सांगितले ते पुराणपुरीषशुद्धी व वातानुलोमनासाठी; चरकांनी नवव्या महिन्यात मधुरौषधसिद्ध तैलाचे अनुवासन सांगितले. पाणी वाढविण्यासाठी बस्ति हा आपण आज केलेला तर्क आहे. तर्क म्हणून तो वाईट नाही. परंतु गळती वगळलेली, नाळ व अपरेची स्थिती माहीत असलेली, रक्तस्राव नसलेली रुग्णा असावी, प्रसूतितज्ज्ञांना कल्पना दिलेली असावी, आणि रुग्णेला हा प्रयोग आहे हे ठाऊक असावे.

गर्भपाल रसावर आपल्यातील पुष्कळांचा विश्वास आहे. त्याच्या पाठात हिंगुळ, नागभस्म व वंगभस्म आहेत. हिंगुळ औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये येतो व अशा योगावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. शिसे अपरा ओलांडून गर्भात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तात दर डेसीलिटरला ५ मायक्रोग्रॅम वा अधिक शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून तो थांबवावयाचा असतो. ज्या गर्भाचे वृक्क आधीच अडचणीत असण्याची शक्यता आहे त्याला हा योग मी देत नाही. औषधालयाच्या मालकांनी तो चिठ्ठीवाचून विकू नये, ही माझी विनंती आहे.

चिकित्सा चालू असता दर आठवड्यास सोनोग्राफी, शक्यतो त्याच केंद्रात, आणि दररोज गर्भाच्या हालचालींकडे लक्ष. जेवणानंतर कुशीवर निजून दोन तासांत दहा हालचाली मोजाव्यात. कमी वाटल्या तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. एएफआय ५ किंवा त्याखाली, अथवा खोल कप्पा २ सेंमी.खाली गेला तर आपली चिकित्सा पूरक ठरते, मुख्य नव्हे. छत्तीस-सदतीस आठवड्यांनंतर अल्पता टिकून असेल तर प्रसूतितज्ज्ञ प्रसूती करविण्याचा सल्ला देतात. त्या वेळी ‘अजून आठ दिवस थांबा’ असे आपण म्हणू नये.

औषधालयाच्या काउंटरवर

हा भाग विशेषतः औषधालयाच्या मालकांसाठी आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, असिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या वर्गातील वेदनाशामके गर्भाच्या वृक्कांचे कार्य मंदावतात. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२० मध्ये विसाव्या आठवड्यापासून पुढे ही औषधे टाळण्याची सूचना दिली. प्रसूतितज्ज्ञांनी दिलेले अल्पमात्रेतील ॲस्पिरिन तेवढे त्यातून वगळले आहे. बहुधा हा परिणाम काही दिवस वा आठवड्यांनी दिसतो, पण क्वचित ४८ तासांतही, आणि औषध थांबविल्यावर बहुतेकांत पाणी पूर्ववत होते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, तसेच लोसार्टन, टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची औषधे याहून घातक. जुन्या रक्तदाबाची स्त्री गर्भवती राहिली आणि तीच गोळी पुढे चालू राहिली, असे प्रकार घडतात. मात्र ती गोळी आपण परस्पर बंद करू नये. त्याच दिवशी तज्ज्ञांकडून बदलून घ्यावी.

मागील वर्षी तीस आठवड्यांची एक गर्भिणी एएफआय ४.६ घेऊन आली. गळती नाही, वृक्क व मूत्राशय दिसत होते, वाढ व डॉपलर निर्दोष. औषधे कोणती, असे विचारता ‘काही नाही’ असे उत्तर मिळाले. मी आईला घरून पिशवी आणावयास सांगितली. लोहाच्या गोळ्यांखाली डायक्लोफेनॅकच्या दोन रिकाम्या पट्ट्या निघाल्या. कंबर दुखते म्हणून गावातील मेडिकलमधून आणलेल्या, दिवसातून दोन, जवळजवळ तीन आठवडे. “ते औषध कुठाय, ती दुखायची गोळी आहे,” असे ती म्हणाली. तिच्या प्रसूतितज्ज्ञांना तेथूनच दूरध्वनी केला. गोळी बंद झाली. मी कंबरेला कोमट तेलाचा हलका अभ्यंग आणि पेज-पाणी एवढेच सांगितले. पाचव्या दिवशी एएफआय ७.९, पंधराव्या दिवशी ११.

त्या दिवशी मी क्षीरपाक दिला असता तर तो वृत्तांत मी पुन्हा एकदा बैठकीत वाचला असता. आता माझ्या चिकित्सालयात गर्भिणीच्या केसपेपरवर नाडीच्या आधी एक रकाना आहे : ‘दुखण्याची गोळी, मेडिकलमधून?’ आणि शेजारच्या दोन औषधालयांच्या मालकांनी माझ्या विनंतीवरून, वेदनाशामक मागणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ‘दिवस गेलेत का?’ असे विचारावयास सुरुवात केली आहे. त्यांपैकी एकाने मला सांगितले की, पहिल्या महिन्यातच चार जणींनी ‘हो’ म्हटले.